परसांतल्या हौदांतले बेडूकमासे

मृगाचा पाऊस एकदां नीट लागला कीं कोंकणांतल्या घरोघरच्या परसांत पाणी सांठूं लागतें. चिपळूण तालुक्यांतलें, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं वसलेलें पोफळी हें गांव उदाहरणादाखल घेण्यासारखें आहे. पाठीशीं सह्याद्रीची भिंत, समोर वाशिष्ठीचें खोरें, आणि घाटमाथ्यावरचें कोयनेचें पाणी बोगद्यांतून खालीं आणून वीज उत्पन्न करणारें भूमिगत विद्युद्गृह, अशी या गांवाची ख्याति. अशा ठिकाणीं पावसाला काय तोटा! विहिरीजवळचा हौद, गुरांना पाणी पाजण्याची दगडी दोण, बागेंतला पाट, अंगणाच्या कडेचा खळगा, सारें कांहीं तुडुंब भरतें. आणि आठ-पंधरा दिवसांत त्या पाण्यांत शेपटी हालवीत फिरणारे शेंकडों काळसर जीव दिसूं लागतात. मुलें धांवत येऊन सांगतात, "हौदांत मासे झाले!" आजी म्हणते, "मासे कसले, बेडकाचीं पिल्लें तीं." आणि घरांतला कर्ता पुरुष डासांच्या धास्तीनें हौद उपसून टाकण्याचा हुकूम सोडतो.

या तिघांत आजीचें म्हणणें खरें असतें. परंतु तेवढ्यानें प्रश्न संपत नाहीं. बेडकाचें पिल्लू म्हणजे कोणत्या बेडकाचें? पश्चिम घाटांत बेडकांच्या दोनशेंहून अधिक जाति नांदतात, आणि त्यांतल्या कित्येक जगांत दुसरीकडे कोठेंही आढळत नाहींत. हौद उपसावा कीं राखावा, त्यांत मासे सोडावे कीं न सोडावे, या साध्या घरगुती प्रश्नांचें उत्तर त्या पिल्लांच्या ओळखीवर अवलंबून आहे. ही ओळख पटविण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. एक पांढरी बशी, एक स्वच्छ कांचेचा पेला, एक साधें भिंग आणि थोडी सवड एवढें साहित्य पुरतें.

प्रथम मासा, डास आणि बेडूकमासा यांतला भेद ध्यानांत घ्यावा. माशाचें पिल्लू कितीही लहान असलें तरी त्याचें अंग लांबट असतें, आणि छातीशीं व पोटाशीं परांच्या जोड्या असतात. बेडूकमाशाला अशा जोड्या नसतात. डोकें आणि धड मिळून एक गोल गोळी, आणि तिला मागें लावलेली चपटी शेपटी, असा त्याचा घाट असतो. शेपटीच्या वरच्या व खालच्या कडेला पातळ पडद्यासारखा पर असतो. डासाची अळी या दोहोंहून अगदीं निराळी. ती काडीसारखी बारीक असते, श्वासासाठीं पृष्ठभागाशीं येते, आणि हात लागतांच वेडीवांकडी वळवळत तळाकडे जाते. घरांत दिसणाऱ्या बहुतेक डासांच्या अळ्या डोकें खालीं करून लोंबकळतात; हिंवतापाच्या डासाची अळी मात्र पाण्याला समांतर आडवी राहते. हौदांत अळ्याच दिसत असतील तर कर्त्या पुरुषाचा हुकूम योग्य आहे. बेडूकमासे दिसत असतील तर मात्र क्षणभर थांबावें.

दुसरी गोष्ट वयाची. अंड्यांतून नुकता बाहेर पडलेला जीव ओळखण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. त्या वेळीं त्याचें तोंडही पुरें उघडलेलें नसतें. डोक्याच्या दोन्ही बाजूंस कल्ल्यांचे झुबके बाहेर लोंबत असतात, आणि तो पानाला किंवा शेवाळाला चिकटून स्वस्थ पडलेला असतो. थोड्याच दिवसांत बाहेरचे कल्ले कातडीच्या पडद्याआड जातात, तोंड तयार होतें आणि खाणें सुरू होतें. शेपटीच्या मुळाशीं मागल्या पायांचे कोंब दिसूं लागेपर्यंतचा काळ ओळखीस उत्तम. पुढचे पाय फुटले कीं तोंडाची रचनाच पालटते, आणि मग बेडूकमाशाच्या खुणा निरुपयोगी ठरतात. केनेथ गोस्नर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९६० सालीं अंड्यापासून लहान बेडकापर्यंतच्या वाढीच्या ४६ पायऱ्या ठरवून दिल्या, आणि आज जगभर याच पायऱ्यांनीं बेडूकमाशाचें वय सांगतात.

आतां बेडूकमासा पाण्यासकट पेल्यांत घेऊन बाजूनें व खालून पाहावा. चार गोष्टी विचाराव्या: डोळे कोठें आहेत, तोंड कसें आहे, शेपटीचें टोक कसें आहे, आणि तो पाण्यांत वागतो कसा. डोळे डोक्याच्या माथ्यावर असले तर तो बहुधा तळाशीं चरणारा. अगदीं बाजूंस असले तर मधल्या किंवा वरच्या पाण्यांत तरंगणारा. तोंड भिंगाखालीं पाहिलें तर बहुतेक जातींत काळी, शिंगासारख्या कठीण द्रव्याची इवलीशी चोंच दिसते, आणि तिच्या वर-खालीं ओठांवर बारीक दांतांच्या ओळी असतात. या दांतांनीं तो दगडावरचें शेवाळ खरवडतो. पोटाची कातडी पातळ असली तर आंत घड्याळाच्या कमानीसारखें गुंडाळलेलें लांब आंतडें स्पष्ट दिसतें. वनस्पती पचविण्यास तें लांबच लागतें.

या चार प्रश्नांनीं कोंकणच्या परसांतले नेहमींचे पाहुणे पुष्कळ अंशीं ओळखतां येतात.

सर्वांत परिचित म्हणजे कोळशासारखे काळे, लहान, घोळक्यानें फिरणारे बेडूकमासे. उथळ पाण्याच्या कडेला यांचा थवा काळ्या ढगासारखा सरकतांना दिसतो. शेपटीचें टोक गोलसर असतें. हीं पिल्लें खरबरीत कातडीच्या, दिव्याखालीं किडे टिपायला येणाऱ्या भेकाचीं. त्याचीं अंडीं गोळ्यांत नसतात. पारदर्शक चिकाच्या लांबच लांब दोऱ्यांत काळ्या मण्यांसारखीं ओंवलेलीं असतात, आणि ते दोरे पाण्यांतल्या काड्यांभोंवतीं गुरफटलेले असतात. भेकाच्या कातडींतलें विष त्याच्या पिल्लांतही थोडेंफार असतें, म्हणून पुष्कळ मासे त्यांच्या वाटेस जात नाहींत. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठांत सैदापूर व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, हे बेडूकमासे परक्यांपेक्षां आपल्या सख्ख्या भावंडांच्या जवळ राहणें पसंत करतात. दिसायला एकसारख्या अशा त्या काळ्या घोळक्यांतही नातेंगोतें असतें, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दुसरा पाहुणा बरोबर उलट स्वभावाचा. तो कांचेसारखा पारदर्शक असतो. पेल्यांत घेतला तर प्रथम फक्त दोन डोळेच तरंगतांना दिसतात. हे डोळे अगदीं बाजूंस असतात, आणि शेपटीचें टोक चाबकाच्या दोरीसारखें बारीक होत जातें. तो पृष्ठभागाखालीं एका जागीं स्थिर राहतो आणि तें टोक तेवढें थरथरत असतें. हें पिल्लू अंगठ्याच्या पेराएवढ्या इवल्या, रुंद पोटाच्या आणि निमुळत्या तोंडाच्या बेडकाचें. भिंगाखालीं याच्या तोंडांत ना चोंच दिसते ना दांत. तो खरवडून खात नाहीं. पाणी तोंडानें घेतो, त्यांतले सूक्ष्म जीव गाळून ठेवतो आणि पाणी सोडून देतो. इतर बहुतेक बेडूकमाशांत हें पाणी बाहेर टाकण्याचें छिद्र अंगाच्या डाव्या बाजूस असतें. याच्या कुळांत तें पोटाखालीं मधोमध असतें. ही एक खूण पटली तर कूळ ओळखण्यांत सहसा चूक होत नाहीं. याचीं अंडींही पाण्यावर पातळ पापुद्र्यासारखीं तरंगत असतात.

तिसरा पाहुणा दरवडेखोर आहे. पहिल्या मुसळधार पावसांत ज्याचे नर हळदीसारखे पिवळे होतात, ज्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात, आणि ज्यांच्या डरांव-डरांवनें रात्र दणाणते, त्या मोठ्या बेडकाचा हा बेडूकमासा. तो अंगानें थोराड व चपळ असतो, आणि त्याची चोंच बळकट व धारदार असते. शेवाळावर त्याचें भागत नाहीं. डासांच्या अळ्या, इतर बेडूकमासे, प्रसंगीं स्वतःचीं भावंडेंदेखील तो खातो. सकाळीं हौदांत शंभर काळे बेडूकमासे होते आणि चार दिवसांनीं वीसच राहिले, तर चोर घरांतलाच असूं शकतो. मात्र डासांच्या अळ्यांचा एवढा खादाड शत्रू परसांत फुकट मिळाला, ही गोष्ट कर्त्या पुरुषानें विसरूं नये. याच बेडकांच्या तंगड्या एके काळीं भारतांतून मोठ्या प्रमाणावर परदेशीं पाठविल्या जात. हा व्यापार १९८७ सालीं बंद करण्यांत आला.

चौथा पाहुणा वरून पडतो. हौदाच्या भिंतीला किंवा पाण्यावर वांकलेल्या फांदीला साबणाच्या फेंसासारखा पांढुरका गोळा चिकटलेला आढळतो. पुष्कळ घरांत ही घाण समजून खराट्यानें काढून टाकतात. वस्तुतः तें झाडबेडकाचें घरटें असतें. हा सडपातळ, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला बेडूक पुष्कळदां न्हाणीघराच्या भिंतीवरही मुक्कामाला असतो. मादी अंड्यांबरोबर येणारा चिक मागल्या पायांनीं घुसळून त्याचा फेंस करते. वरचा थर सुकून कडक होतो आणि आंत ओलावा टिकतो. पिल्लें आंत फुटतात आणि फेंस विरघळला कीं एकामागून एक पाण्यांत टपकतात. यांचे डोळे बाजूंस असतात, शेपटीचा पर रुंद असतो, आणि ते मधल्या पाण्यांत मोकळेपणानें पोहतात.

याशिवाय वर्षभर पाणी असलेल्या हौदांत किंवा विहिरींत पाण्यावरून टप्पे घेत पळणाऱ्या बेडकाचे मोठे, हिरवट, निमुळत्या शेपटीचे बेडूकमासे असतात. आणि भातखाचरांच्या कडेला शेतांतल्या लहान बेडकांचे तपकिरी, ठिपकेदार, चिखलाच्या रंगांत मिसळून जाणारे बेडूकमासे तळाशीं पडलेले दिसतात. शेवटच्या या मंडळींत एक जात दुसरीपासून वेगळी काढणें तज्ज्ञांनाही अवघड जातें. तेथें जातीचें नांव सांगण्याचा हट्ट न धरतां कुळावर समाधान मानावें, हेंच शास्त्राला धरून होईल.

ऐकूं येणारा प्रत्येक बेडूक हौदांत पिल्लें सोडतोच असेंही नाहीं. पावसाळ्याच्या संध्याकाळीं झुडपांतून टिक्‌टिक् असा, घड्याळ चालल्यासारखा आवाज येतो. तो करणाऱ्या चिमुकल्या झुडूपबेडकांत बेडूकमासा ही अवस्थाच नाहीं. ओल्या पाचोळ्यांत किंवा पानांवर घातलेल्या अंड्यांतच सारी वाढ पुरी होते आणि बाहेर पडतो तो शेंगदाण्याहूनही लहान असा पुरता बेडूक. याउलट घाटांतल्या पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर कांहीं बेडूकमासे पाण्याबाहेरच, ओल्या खडकावर चिकटून राहतात. त्यांची शेपटी लांब, अरुंद व स्नायूंनीं भरलेली असते, मागले पाय लवकर वाढतात, आणि हात लावूं जातां ते खडकावरून टुणकन उडी घेतात. या गणांतली एक जाति माथेरानच्या नमुन्यांवरून बूलेंजर यानें १८८८ सालीं वर्णिली आणि तिला लीथ याचें नांव दिलें.

बेडूकमाशांचा हा अभ्यास भारतांत तसा उशिरांच सुरू झाला. बूलेंजर याचा हिंदुस्थानांतील सरपटणारे प्राणी व बेडूक यांवरचा मोठा ग्रंथ १८९० सालीं निघाला, परंतु त्यांत भर होता तो मोठ्या बेडकांवर. कलकत्त्याचे ॲनंडेल आणि बंगळूरचे सी. आर. नारायणराव यांनीं मैदानी प्रदेशांतल्या बेडूकमाशांचें एकत्र वर्णन १९१८ सालीं प्रसिद्ध केलें. मुंबईंत १८८३ सालीं स्थापन झालेल्या निसर्गेतिहास मंडळाच्या चार्ल्स मॅकॅन यांनींही पश्चिम किनाऱ्यावरच्या बेडकांविषयीं पुष्कळ टिपणें लिहिलीं. तरीही आज कित्येक जातींचे बेडूकमासे कसे दिसतात याची नीट नोंद झालेली नाहीं. परसांतला निरीक्षक जर दिनांक, जागा, अंड्यांचा आकार आणि पिल्लांचें चित्र वहींत टिपून ठेवील, तर त्याची ती वही केवळ करमणुकीची राहणार नाहीं.

नुसत्या खुणांनीं ओळख पटेना तर एक खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे वाढवून पाहणें. दोन-तीनच पिल्लें रुंद तोंडाच्या भांड्यांत, त्याच हौदाच्या पाण्यांत ठेवावीं. नळाचें पाणी घालूं नये. त्यांतला क्लोरीन त्यांना मारक असतो. उकडलेल्या पालकाचा लहानसा तुकडा अन्नाला पुरतो. उरलेलें रोज काढून टाकावें. भांडें सावलींत ठेवावें, आणि पुढले पाय फुटण्याच्या सुमारास पाण्याबाहेर डोकें काढणारा एक दगड आंत ठेवण्यास विसरूं नये. कारण या वेळेस कल्ले नाहींसे होऊन फुप्फुसें कामाला लागलेलीं असतात, आणि टेंकायला जागा न मिळाली तर जन्मभर पाण्यांत काढलेला हा जीव पाण्यांतच बुडून मरतो. शेपटी गळून पडते हा समजही चुकीचा आहे. ती हळूहळू अंगांत जिरते, आणि त्या काळांत अन्न न घेणाऱ्या पिल्लाचें पोषण तिच्यावरच होतें. हा सारा पालट गळ्यांतल्या थायरॉइड ग्रंथीच्या रसानें घडतो. १९१२ सालीं गुडरनाच या शास्त्रज्ञानें बेडूकमाशांना या ग्रंथीचे तुकडे खाऊं घातले, तेव्हां ते वेळेच्या कितीतरी आधीं, माशीएवढे असतांनाच बेडूक झाले. पुढें ओळख पटली कीं पिल्लें जेथून घेतलीं तेथेंच सोडावीं, दुसऱ्या पाण्यांत नव्हे. बेडकांच्या कातडीला जडणारी एक घातक बुरशी १९९९ सालीं शास्त्रज्ञांनीं वर्णिली. तिनें जगांत अनेक जातींचा संहार केला आहे, आणि ती पश्चिम घाटांतल्या बेडकांतही आढळली आहे. एका हौदांतलें पाणी दुसऱ्या हौदांत नेणें म्हणजे न पाहिलेला रोग नेणें होऊं शकतें.

आतां कर्त्या पुरुषाच्या हुकुमाकडे वळावें. डासांवर उपाय म्हणून हौदांत गप्पी किंवा गँबुशिया मासे सोडण्याचा सल्ला पुष्कळदां मिळतो. गँबुशिया हा मूळचा अमेरिकेंतला मासा १९२८ सालीं भारतांत आणला गेला. तो अळ्या खातो हें खरें. पण तो बेडकांचीं अंडीं व कोंवळे बेडूकमासेही खातो, आणि पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरला तर तेथून त्याला परत आणतां येत नाहीं. सिमेंटच्या बंद टाकींत, जेथें अळ्यांशिवाय दुसरें कांहींच नाहीं, तेथें मासे सोडण्यांत फारसें बिघडत नाहीं. परंतु ओढ्याला किंवा पाटाला जोडलेल्या हौदांत ते सोडूं नयेत. हौद धुणें भागच असेल तर बेडूकमासे आधीं बादलींत काढावे, आणि हौद पुन्हां पावसाच्या पाण्यानें भरल्यावर त्यांतच परत सोडावे. बहुतेकांना बेडूक होण्यास चार ते सहा आठवडे पुरतात. तेवढी कळ सोसली तर हौद आपण होऊनच मोकळा होतो.

आणि एका ठिकाणीं मात्र हात मुळींच लावूं नये. पोफळीहून कुंभार्ली घाट चढून गेलें कीं कोयनेचें खोरें लागतें. तेथल्या एका लहान भेकाची जाति सोमन यांनीं १९६३ सालीं प्रथम वर्णिली आणि तिला कोयनेचेंच नांव मिळालें. २००९ सालीं बिजू, वरद गिरी व त्यांचे सहकारी यांनीं या भेकासाठीं व आंबोलीच्या दुसऱ्या एका भेकासाठीं स्वतंत्र नवा गण निर्माण केला. या गणांतल्या जाति सह्याद्रीच्या ठराविक भागाबाहेर जगांत कोठेंही नाहींत, आणि धोक्यांत आलेल्या जातींत त्यांची गणना होते. त्यांचे बेडूकमासे हौदांत वाढत नाहींत. उघड्या कातळावर पावसानें भरलेल्या उथळ खळग्यांत वाढतात. चार दिवस पावसानें ओढ दिली तर तें पाणी आटतें. चिऱ्यांसाठीं कातळ खणला, किंवा सहलीच्या गाडीचें चाक त्या खळग्यावरून गेलें, तर एका वर्षाची सारी प्रजा क्षणांत नाहींशी होते, आणि नष्ट करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाहीं. त्याच्या लेखीं तें नुसतें डबकें असतें.

परसांतल्या हौदाशीं वाकून भिंगानें पाहण्याची संवय ज्या मुलाला लागली, तें मूल सड्यावरच्या असल्या खळग्यालाही नुसतें डबकें म्हणणार नाहीं. हौदांतले काळे, पारदर्शक आणि दरवडेखोर पाहुणे यांची ओळख पटवून घेण्याचा खरा लाभ हाच. पुढल्या पावसाळ्यांत मुलें "हौदांत मासे झाले" म्हणून धांवत आलीं, तर आजीनें त्यांच्या हातीं पांढरी बशी द्यावी, आणि हुकूम सोडण्यापूर्वीं कर्त्या पुरुषानें त्या बशींत एकदां डोकावून पाहावें.